घरचा अग्नि कोणाच्या हवालीं?

घर पेटल्यावर विहीर खणावयास निघालेल्या मनुष्याची उपमा भर्तृहरीनें आपल्या वैराग्यशतकांत योजिली आहे. देह धड आहे तोंच आत्महित साधावें हें सांगण्यासाठीं त्यानें ती दिली. परंतु तींतील घर आणि आग हीं दोन्ही आज आम्ही अक्षरशः घेणार आहों. या सदरांत पाणी, धान्य व हिशेब यांचा विचार पूर्वीं झालेला आहे. आज अग्नीची पाळी आहे.

पूर्वींच्या गृहस्थाश्रमांत अग्नि ही बेवारशी वस्तु नव्हती. आहिताग्नीच्या घरीं गार्हपत्य, आहवनीय व दक्षिणाग्नि असे तीन अग्नि आपापल्या कुंडांत असत, आणि सायंप्रातः त्यांची सेवा कोणी करावयाची हें ठरलेलें असे. जेथें अग्निहोत्र नव्हतें तेथेंही रात्रीं चुलींतील निखारे राखेखालीं झांकून ठेवणें व पहाटे फुंकर घालून ते जागे करणें हें काम ठराविक हाताचें असे. तो अग्नि डोळ्यांना दिसे, त्याचा धूर नाकाला झोंबे. त्याच्याकडे दुर्लक्ष करणें कठीणच होतें. आजचा अग्नि तसा नाहीं. तो ओट्याखालीं लोखंडाच्या सिलिंडरांत दाबून बसलेला आहे, भिंतींतील तारांतून वाहतो आहे, न्हाणीघरांत पाणी तापवितो आहे, आणि जिन्याखालीं चिरंजिवांच्या दुचाकीची बॅटरी भरतो आहे. एका घरांत अग्नीचीं इतकीं ठाणीं पूर्वीं कधीं नव्हतीं. आणि त्यांचा राखणदार कोण, असें विचारलें तर भरल्या कुटुंबांतील दहा माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. सुशिक्षित घरांत माहितीची वाण क्वचितच असते. वाण असते ती वेगळ्याच गोष्टीची. दोष जिच्या दृष्टीस पडतो तिला तो दूर करण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो तो त्या जागीं फिरकत नाहीं. या दोहोंमधील अंतरांत आग वाढते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील गोष्ट घ्या. वृद्ध आईवडील, तीन भाऊ, त्यांच्या बायका व मुलें असा बारा माणसांचा संसार; घरांत दोन इंजिनियर आणि एक वकील. पहाटे चहाला उठल्यावर धाकट्या सूनबाईंना ओट्याखालीं गॅसचा पुसट वास येई. त्यांनीं थोरल्या जाऊबाईंना सांगितलें. जाऊबाईंनीं वाकून पाहिलें तों नळीला शेगडीच्या तोंडाशीं बारीक भेगा पडलेल्या. त्यांनीं तें सासूबाईंच्या कानांवर घातलें. "ह्यांना सांगतें," असें सासूबाई म्हणाल्या. मामंजींनीं विषय थोरल्या चिरंजिवांकडे सोंपविला, आणि चिरंजीव "रविवारीं बघूं" म्हणाले. असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यांत सकाळच्या फोडणीच्या वेळीं ओट्याखालून भडका उडाला. जाऊबाईंनीं प्रसंगावधान राखून रेग्युलेटर बंद केला म्हणून घर वांचलें. परंतु तोंपर्यंत धाकट्या सूनबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. हात यथावकाश बरा झाला. त्या मुलीनें त्या प्रकरणीं एकच वाक्य उच्चारलें: "मी सांगितलें होतें." त्यावर घरांतील वकिलासही उत्तर सुचलें नाहीं. नव्या नळीची किंमत त्या घरच्या एका दिवसाच्या भाजीपाल्याहून फारशी अधिक नव्हती.

या घरांत निष्काळजी कोण होतें? विचार केला तर कोणीच नाहीं. प्रत्येकानें आपल्या पायरीवरून निरोप पुढें धाडला. दोष पायऱ्यांचा होता. आतां, अधिकार कोणाला द्यावा हें ठरविण्यापूर्वीं पाहावयाचें काय हें ठाऊक असलें पाहिजे. म्हणून प्रथम वस्तूंकडे वळूं.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी एवढ्याचसाठीं त्यांत एथिल मर्कॅप्टन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणून वास हा निरोप आहे. "नवा सिलिंडर लावला कीं येतोच थोडा" म्हणून तो परतवूं नये. हा वायु हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. त्यामुळें तो वर उडून न जातां पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखालच्या कपाटांत सांचतो. हवेच्या शंभर भागांत त्याचे सुमारें दोन भाग झाले कीं तें मिश्रण पेटण्याजोगें होतें. मग विजेच्या बटनांतील ठिणगीही त्याला पुरते. यास्तव वास आल्यास दिवा अथवा पंखा लावूं नये, आणि चालू असल्यास बंदही करूं नये. शेगडी व देवापुढील दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्यात, मुलांना व वृद्धांना घेऊन बाहेर पडावें, आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावें. गॅसगळतीसाठीं अहोरात्र चालणारा हा क्रमांक आहे. तो ओट्याजवळच्या भिंतीवर व दाराबाहेरही लिहिलेला असावा.

नळी ही या सर्व व्यवस्थेंतील सर्वांत अल्पायुषी वस्तु होय. ती पोलादी तारेचें जाळें आंत असलेली, भारतीय मानक ९५७३ चा शिक्का असलेली घ्यावी. तिच्यावर निर्मितीचें साल छापलेलें असतें. पांच वर्षें झालीं कीं दिसावयास धड असली तरी ती बदलावी, व भेग दिसल्यास पांच वर्षांची वाट पाहूं नये. तिची लांबी दीड मीटरहून अधिक नसावी, तिला मध्यें सांधा नसावा, ती भिंतींतून ओंवलेली नसावी, आणि मळूं नये म्हणून तिला कापडी अभ्रा शिवूं नये. अभ्र्यानें मळ झांकतो तशा भेगाही झांकतात. आठवड्यांतून एकदां ती हातांत घेऊन हलकेंच वांकवावी व सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडे उठले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे धीट पुरुष अजून आढळतात. त्यांना स्वयंपाकघरांत येऊं देऊं नये. सिलिंडर सदैव उभा आणि शेगडीहून खालच्या पातळीवर असावा, आणि तो कपाटांत असल्यास कपाटाच्या दारास तळाशीं झरोके असावेत. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकीं एकीच्या आंतल्या अंगास इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकीं एक अक्षर व पुढें दोन आंकडे रंगविलेले असतात. चार अक्षरें म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. 'बी २८' याचा अर्थ, १९०० नव्हे तर २०२८ सालच्या जूनअखेर त्या सिलिंडरची पुनर्परीक्षा व्हावयास हवी. ती मुदत उलटलेला सिलिंडर दारांत आल्यास तो घेऊं नये.

विजेच्या आगीचें गणित शाळेंतलेंच आहे. पाणी तापविण्याचें २००० वॉटचें यंत्र २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपियर प्रवाह ओढतें. तें सहा अँपियरच्या खोबणींत घातलें, तर चालतें खरें; पण भिंतीआड काय होतें? तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूल या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं मांडला. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. सैल बसलेल्या प्लगपाशीं व गंजलेल्या जोडावर ती एकवटते, आणि तेथील आवरण प्रथम पिवळें, मग तपकिरी पडून शेवटीं पेट घेतें. म्हणून जी खोबण हाताला गरम लागते, जिच्याभोंवतीं डाग पडला आहे, जिच्यांतून तडतड ऐकूं येते, ती त्याच दिवशीं बंद ठेवावी. एका खोबणींतून चार-चार यंत्रें चालविणारी लांब दोरीची पाटी ही पाहुण्यासारखी असावी. ती घरजांवई होऊं नये.

मुख्य फळ्यावरील एम. सी. बी. ही कळ तारांचें रक्षण करते. भार वाढला कीं ती आपण होऊन पडते. ती वारंवार पडते म्हणून तिच्या जागीं अधिक आंकड्याची बसविणें म्हणजे पहारेकऱ्यास अफू चारण्यासारखें आहे. माणसांचें रक्षण करणारी कळ निराळी, तिला आर. सी. सी. बी. म्हणतात. घरांत बसवितात ती ३० मिलिअँपियर एवढ्याशा गळतीनेंही प्रवाह तोडते. तिच्यावर परीक्षेचें एक बटन असतें. महिन्यांतून एकदां तें दाबावें. वीज तत्काळ गेली तर कळ जागी आहे, न गेल्यास वायरमनला बोलवावें. ही कळ मुळांतच नसलेलीं जुनीं घरें पुष्कळ आहेत. दिवाणखान्याला नवा रंग देण्याआधीं तेथें ती बसवावी.

दोन नव्या पाहुण्यांचाही समाचार घेतला पाहिजे. गॅसवर पाणी तापविणारें यंत्र बंद न्हाणीघरांत लावलें तर अपुऱ्या हवेंत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आंत गेलेलें माणूस बाहेर कोणास कळण्यापूर्वींच बेशुद्ध पडतें. तें यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत असावें. दुसरा पाहुणा विजेच्या दुचाकीची लिथियमची बॅटरी. ती बिघडली तर पेटते तीही वेगानें, आणि विझविल्यावर पुन्हा पेटूं शकते. तिच्यासोबत आलेल्याच चार्जरनें ती भरावी, रात्रभर कोणी जागें नसतां भरूं नये, आणि घराच्या एकमेव दाराशीं किंवा जिन्याखालीं तर मुळींच भरूं नये. कारण आग लागली तर पळण्याची वाटच प्रथम जाईल.

कढईंतील तेलाची आग हा खास आमच्या सणावारांचा धोका. तेल आधीं धुरकटतें व मगच पेटतें. धूर दिसतांच आंच बंद करावी. पेटलेंच, तर पाणी ओतूं नये. पाणी तेलाहून जड, म्हणून तें तळाशीं जातें आणि तेथल्या उष्णतेनें त्याची तत्काळ वाफ होते. वाफ पाण्याच्या सुमारें १७०० पट जागा व्यापते, आणि ती जळतें तेल छतापर्यंत उडविते. आंच बंद करून कढईवर मोठें झांकण किंवा परात बाजूनें सरकवावी, आणि कढई पूर्ण निवेपर्यंत ती उघडूं नये. अनरशांच्या व चिरोट्यांच्या दिवशीं ही परात आधींच हाताशीं काढून ठेवावी.

वस्त्र पेटल्यास धांवूं नये; वाऱ्यानें ज्वाळा वाढतात. तोंड झांकून जमिनीवर लोळावें, दुसऱ्यानें जाड सुती चादर अथवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटें नळाचें साधें वाहतें पाणी सोडावें. बांगड्या व अंगठी सूज येण्यापूर्वीं काढाव्यात. शाई, तूप, बटाट्याचा कीस, दंतमंजन हीं औषधें आमच्या आज्यांनीं प्रेमानेंच लावलीं; पण त्यांनीं उष्णता आंत कोंडते व जखम दूषित होते, हें आतां सिद्ध आहे. नवरात्रांतील अखंड दीप पितळी परातींत, पडद्यापासून दूर ठेवावा, आणि रात्रीं त्याजवळ कोण जागणार हें घटस्थापनेच्या दिवशींच ठरवावें.

लाकडी घरांचा इतिहास पुण्यास परिचितच आहे. १८२८ च्या फेब्रुवारींत शनिवारवाड्यास लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली; बुधवारवाडा १८७९ सालीं जळाला. तेव्हां बंबांची आजची सोय नव्हती. आज १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरविला कीं बंब निघतो, आणि त्यावरील माणसें परक्याच्या आगींत उडी घेतात. १९४४ सालीं १४ एप्रिल रोजीं मुंबईच्या गोदींत फोर्ट स्टिकिन या बोटीचा स्फोट झाला, तेव्हां अग्निशमन दलाचे ६६ जवान कामीं आले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. परंतु अरुंद गल्लींतून बंब येईपर्यंतचीं पहिलीं मिनिटें घरच्यांचींच असतात. त्यासाठीं ए. बी. सी. प्रकारच्या कोरड्या भुकटीचें एक अग्निशामक नळकांडें घरांत असावें. तें शेगडीच्या वर टांगूं नये. स्वयंपाकघराच्या दाराशीं असावें, म्हणजे तें घेतांना पाठ मोकळ्या वाटेकडे राहते. त्यावरील कांटा हिरव्या पट्ट्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. वापरतांना खीळ उपसावी, नळी ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरतां बुडाशीं धरावी, दांडा दाबावा व भुकटी डावी-उजवीकडे फिरवावी. आग आपल्या उंचीची झाली असेल तर मात्र शौर्य बाजूस ठेवून बाहेर पडावें व दार ओढून घ्यावें. गृहसंकुलांत राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट विचारावी. महाराष्ट्राच्या २००६ सालच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें अशा व्यवस्था बंधनकारक असलेल्या इमारतींना दरवर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत, त्या चालू स्थितींत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो गेल्या खेपेस दिला काय, हा प्रश्न संस्थेच्या सभेंत विचारण्यास संकोच नसावा.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. वरील यादी लांबलचक दिसते, पण ती सांभाळावयास महिन्याकाठीं अर्धा तास पुरे. अडचण वेळेची नाहीं, अधिकाराची आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, शेगडीपाशीं जी नित्य उभी राहते तिच्याच हातीं घरच्या अग्नीचा कारभार सोंपवावा. आणि सोंपवावा म्हणजे पैशांसह सोंपवावा. एक लहानशी पेटी अथवा डबा ठेवून त्यांत दोन-तीन हजार रुपये घालावेत. नळी, रेग्युलेटर, कुकरचें रबरी कडें व सुरक्षा-झडप, प्लग यांवर त्यांतून खर्च करतांना तिनें कोणास विचारावें लागूं नये. खर्च झाल्यावर वहींत लिहिलें म्हणजे झालें. तिला वास आला कीं शेगडी बंद करण्याचा तिचा अधिकार निरपवाद असावा, मग पानें मांडून मंडळी बसलेलीं कां असेनात. पुरुष मंडळींपैकीं एकानें तिच्या हाताखालीं काम करावें: वायरमनला बोलावणें, फळ्यावरील बटन दाबणें, मुदती वहींत टिपणें.

यांत वडिलांचा मान जातो असें कोणी म्हणतील. त्यांना आम्ही आमच्याच परंपरेंतील एक गोष्ट दाखवूं. 'पत्नी' हा शब्द पाणिनीनें यज्ञाच्या संबंधानें साधलेला आहे. यज्ञांत जिचा सहभाग ती पत्नी. अग्नीच्या सेवेंत तिचा अधिकार मागाहून दिलेली सवलत नव्हे, तिच्या नांवांतच तो आहे. अग्नीजवळ राबण्याचें काम तेवढें तिच्याकडे ठेवून त्यासंबंधींचा निर्णय दिवाणखान्यांत नेला तो आम्हीं, मागाहून.

तपासणीस तिथि ठरलेली असावी, कारण ठरलेल्या तिथीचें कार्य आमच्या घरांत चुकत नाहीं. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आम्ही शस्त्रांची व उपकरणांची पूजा करतों. त्या दिवशीं सिलिंडरास, कुकरास व विजेच्या फळ्यास हळदकुंकू लावण्यापूर्वीं नळीवरचें साल वाचावें, झडप उघडून धुवावी, नळकांड्याचा कांटा पाहावा. दिवाळीचें तळण पुढें तीन आठवड्यांवर आलेलें असतें. बरोबर सहा महिन्यांनीं चैत्र शुद्ध नवमी येते. रामजन्माच्या दुपारीं सुंठवडा वांटून झाला कीं तीच वही पुन्हा काढावी, व सर्व मुलांना एकदां जिन्यानें खालीं उतरवून अंगणांतील ठरल्या झाडाखालीं जमवावें. मुलांना तो खेळ वाटेल, आणि वाटावा.

वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी पुरेत: नळीचें साल, सिलिंडरवरील अक्षर, बटन दाबल्याचा दिवस, आणि वास प्रथम कोणास आला व किती वाजतां. ही चवथी ओळ आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जिनें सांगितलें तिचें नांव लिहिलें गेलें म्हणजे तें सांगणें पायरीपायरीवर विरून जात नाहीं. खंडेनवमीस अवकाश असल्यास तोंवर थांबूं नये. आज सायंकाळीं दिवेलागणीस वहींतील पहिली ओळ भरावी. इत्यलम्.